निवेदनाची पोच

“साहेब लोक जेवून राहिले. बसा तिकडं वऱ्हांड्यात,” एवढं सांगून डाकबंगल्याचा शिपाई जाळीचं दार लोटून आत गेला. परसरामनं तिसऱ्यांदा फाइल उघडली. अकरा पानं जागच्या जागी होती. शेवटच्या दोन पानांवर सत्तावीस मंडळांच्या सह्या होत्या आणि सह्यांपेक्षा अंगठेच जास्त.

“परसू, मले काय बोला लागन?” शेजारी बसलेल्या तुलारामनं विचारलं. त्यानं धुवट धोतर नेसलं होतं आणि वर गावातल्या इश्वरकडून मागून आणलेला काळा कोट घातला होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

“काई नाई, दादा. त्यायनं विचारलं त सांगजा. मंडईची गोष्ट, ठाण्याची गोष्ट, जे झालं ते. बाकी मी हाव ना.”

“सायेबायले माही बोली समजन का?”

“तुमाले पायलं का समदं समजन. मी काय, कागद लिवनारा मानूस.”

परसराम साकोलीच्या तहसील कचेरीपुढचा अर्जनवीस. टिनाच्या छपरीखाली लाकडी पेटी घेऊन पंधरा वर्षं बसलेला. वर्षभर फेरफार, तगाई, रेशनकार्ड. पण दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे भाऊबीजेनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या, की त्याच्या पेटीपुढे वेगळीच माणसं येऊन बसत. दंडारवाले, उभ्यानं नाचगाण्याचा खेळ करणारे खडी गंमतवाले, ढोलकीवाले. गावच्या चौकात नाचायचं तरी परवानगी लागे. अर्ज ठाण्यात जाई, ठाण्यातून कचेरीत येई, आणि मंडई उरकून माणसं धान कापायला लागली की मग शिक्का मिळे.

तुलाराम कोंढ्याचा. चार एकर धानाची शेती, आणि तीस वर्षं गंमतीतला नाच्या. लुगडं नेसून, काजळ घालून तो उभा राहिला की गावातल्या सासुरवाशिणी एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणत, “पाय बाई, पदर कसा घ्यावा त्याच्यापासून शिक.” एका वर्षी कोंढ्याच्याच मंडईला परवानगीचा कागद वेळेवर आला नाही. पोलिसांनी त्याच्या मंडळातल्या पाचही जणांना भर गंमतीतून उठवून नेलं. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास परसराम अर्ज घेऊन त्या ठाण्यात पोहोचला, तेव्हा तुलाराम लुगड्यातच कोठडीत बसला होता. बाहेर बाजारची माणसं पाहायला उभी होती. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि पदर मात्र डोक्यावरून ढळू दिलेला नव्हता.

त्या दिवशी परसरामच्या डोक्यात कायदा शिरला.

तुलारामचं मात्र नाचणं तिथंच सुटलं. मुलीची, ललिताची, सोयरीक चिखल्याला ठरत होती. नवरामुलगा घनश्याम मॅंगनीजच्या खाणीत कामाला. मुलगा भला होता, पण ठाण्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. त्यानं एकच अट घातली. “मामाजी, आता नाचजा नोका. खाणीत लोक मले बोलतीन.” तुलारामनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. त्यानंतर स्वतःच्या अंगणातसुद्धा त्याचा पाय ठेक्यावर पडला नाही.

परसराम चार वर्षं ते निवेदन लिहीत होता. गावच्या दंडारीला, गंमतीला परवाना नको, कर नको. मंडईच्या गावात एक पक्का रंगमंच बांधावा. म्हाताऱ्या कलावंताला महिन्याचं मानधन द्यावं. आणि कलावंताला रंगातून उठवून नेऊ नये. हे शेवटचं कलम त्यानं सात वेळा खोडून लिहिलं होतं. आमदारांची समिती जिल्ह्यात फिरते आहे, लाखनीजवळच्या डाकबंगल्यात दुपारी थांबणार आहे, असं कचेरीत कळलं तेव्हा तो सायकलनं कोंढ्याला गेला. नुसता कागद कोण वाचतो? सोबत माणूस पाहिजे.

दार उघडलं. “चला, बोलावलं.”

आत पाच साहेब होते. जेवणं आटोपली होती, तबकात विडे आले होते. अध्यक्ष म्हणजे चष्मा लावलेले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी परसरामला खुर्ची दिली, निवेदन हातात घेतलं, पहिली दोन पानं खरोखरच वाचली.

“चांगलं लिहिलंय तुम्ही,” ते म्हणाले. परसराम खुर्चीत सावरून बसला. पंधरा वर्षांत त्याच्या लिहिण्याला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं.

“साहेब, हे तुलारामजी. तीस वर्षं...”

“पण खरं सांगू का,” बाजूचे एक जाडसे सदस्य विडा तोंडात सारत म्हणाले, “आमच्याकडे तमाशा आहे, तो आम्हाला माहीत आहे. ही खडी गंमत आम्ही पाहिलेलीच नाही. जे पाहिलं नाही त्याच्यासाठी सभागृहात काय बोलायचं? ह्यांना थोडं करून दाखवू द्या की.”

“हो, तेवढं कळेल आम्हाला,” अध्यक्षही म्हणाले. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं.

तुलारामनं परसरामकडे पाहिलं. परसरामला सगळं माहीत होतं. लेकीच्या डोक्यावरचा हात त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ‘साहेब, ह्यांनी नाच सोडला आहे, हे फक्त सांगतील’ हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं. अर्जात घालायला अवघड नव्हतं. पण समोर अध्यक्षांच्या हातात ती अकरा पानं होती, आणि साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“दादा,” तो खाली वाकून म्हणाला, “दोनच ओळी. कायद्यासाठी.”

“परसू, तुले त मालूम हाय ना गा?”

“इथं कोन पायते? घरातली गोष्ट हाय ही. दोन मिनिटं, दादा.”

 तुलारामनं कोट काढायला हात घातला, तसे जाडे सदस्य म्हणाले, “असू द्या, असू द्या. फक्त डोक्यावर घ्यायला काहीतरी द्या रे ह्यांना. बाई वाटली पाहिजे.”

शिपाई इकडेतिकडे पाहू लागला. परसराम उठला. कोपऱ्यात जेवणाच्या टेबलावरची चादर काढून ठेवली होती. ती त्यानंच उचलली आणि तुलारामच्या हातात दिली. तिला रश्श्याचे डाग होते.

तुलारामनं ती डोक्यावरून घेतली. जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि नमन सुरू केलं.

“देवाचं राहू द्या,” कोणीतरी म्हणालं, “झणझणीत येऊ द्या काहीतरी!”

“धानाच्या बांधीत पडली माझी नथनी,” तुलारामनं आवाज लावला. आवाज चिरका निघाला. ढोलकी नव्हती, म्हणून एक साहेब टेबलावर बोटं वाजवू लागले. साठी उलटलेला माणूस, काळ्या कोटावर डागाळलेली चादर, फरशीवर अनवाणी पाय. गिरकी घेताना कमरेतून कळ आली असावी. तो टेबलाला धरून सावरला, आणि तेच ठरवून केल्यासारखं वाटून सगळे हसले. जाळीच्या दाराशी जीपचे ड्रायव्हर, स्वयंपाकी, शिपाई गोळा झाले होते. तेही हसले. “वा बाई!” जाडे सदस्य म्हणाले.

आणि परसरामला एक हसू अगदी कानाजवळ ऐकू आलं. ते त्याचं स्वतःचं होतं. साहेब हसताहेत म्हणजे साहेब खूश आहेत, म्हणून तो हसत होता.

“छान! मोठी कला आहे,” अध्यक्ष म्हणाले. “आम्ही शिफारस करू.”

“साहेब, पोच...” परसरामनं दुसरी प्रत पुढे केली. अध्यक्षांनी सही केली, तारीख घातली. परसरामनं ती फुंकर घालून वाळवली आणि फाइलीत ठेवली. वळून पाहिलं, तेव्हा तुलाराम अजून तिथंच उभा होता. चादरीची नीट घडी घालून, ती कुणाला द्यावी हे न कळून.

बाहेर बंगल्याच्या आवारात पंप होता. तुलारामनं तोंड धुतलं. गाल, डोळे, कपाळ चोळचोळून पुन्हा पुन्हा धुतलं. गंमत संपल्यावर रंग उतरवतात तसं. परसराम पंप दाबत राहिला. रंग लावलेलाच नव्हता.

हायवेवर एसटी येईपर्यंत दोघं ट्रक मोजत असल्यासारखे उभे होते. तुलाराम एवढंच म्हणाला, “इश्वरचा कोट भिजला.”

दाराशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरांपैकी एक जण चिखल्याचा होता. आठ दिवसांत गोष्ट खाणीच्या वस्तीत पोहोचली. पोळ्याला ललिता माहेरी आली नाही. दिवाळीलाही नाही. गिरजाबाई, म्हणजे तुलारामची बायको, स्वतः चिखल्याला जाऊन आली, तर घनश्यामनं तिला चहापाणी केलं, पण लेकीला पाठवलं नाही. “मामीजी, नुसतं नाचनं असतं त एक बार माफ केलं असतं. त्यायनं शब्द मोडला,” तो म्हणाला. हे परसरामला कोंढ्याच्याच एका ढोलकीवाल्यानं सांगितलं. त्यानंतर परसराम कोंढ्याच्या वाटेला गेला नाही. जाऊ, जाऊ म्हणत राहिला. दर वेळी काहीतरी अर्ज निघे.

चार वर्षांनी परिपत्रक आलं. गावच्या मंडईतल्या बिनतिकिटाच्या कार्यक्रमाला परवाना-शुल्क माफ झालं. वृद्ध कलावंतांनी मानधनासाठी अर्ज करावेत, असंही त्यात होतं. रंगमंचाचं काही नव्हतं. रंगातून न उठवण्याचं तर नव्हतंच. तरी मंडळांनी लाखनीला परसरामचा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. “परसरामबाबूनं कायदा आनला!” असं माइकवरून कोणी म्हणालं, टाळ्या वाजल्या, आणि परसराम मान खाली घालून बसला. लोकांना वाटलं, माणूस किती नम्र. त्याची नजर गर्दीत एकच तोंड शोधत होती. ते नसलेलं पाहून त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

फाल्गुनात तो मानधनाचा फॉर्म घेऊन कोंढ्याला गेला.

“या, परसरामजी,” तुलाराम ओट्यावरून उठत म्हणाला. “बसा. तुमी काहून तरास घेतला एवढा? मीच आलो असतो साकोलीले.”

परसरामनं आजवर त्याच्या तोंडून ‘परसू’ सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. त्यानं फॉर्म मांडीवर घेतला. नाव, वय, कलाप्रकार. गिरजाबाईनं पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली.

“ललिता येते ना, दादा?”

“येते. औंदा आली होती दोन दिवस, पोरगं घेऊन. जवाई भला हाय.”

फॉर्मात रकाना होता : अखेरचा कार्यक्रम कोठे व केव्हा केला. परसरामचा पेन थांबला. किती वर्षं मनात जुळवलेले शब्द त्यानं बाहेर काढले.

“दादा, त्या दिवशी मी तुमाले...”

“कोंढ्याची मंडई लिवा,” तुलाराम शांतपणे म्हणाला. “ललिताच्या लग्नाच्या आगुदरची. त्याच्या बादमंदी नाई नाचलो मी कुठंच.”

परसरामनं तसंच लिहिलं. तुलारामनं चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवत सही केली.

चहा झाला. पाहुण्याला तलावाच्या पाळीपर्यंत पोचवायची रीत, म्हणून तुलाराम काठी घेऊन पुढे चालू लागला. पाळीवर आल्यावर परसरामनं सायकल झाडाला टेकवली आणि त्याच्या पायांशी वाकला. तुलाराम पटकन एक पाऊल मागे सरला.

“असू द्या, असू द्या,” तो म्हणाला. “पायाले चिखल हाय.”

तलाव पार आटला होता. आजूबाजूच्या धानाच्या बांध्यांना भेगा पडल्या होत्या, आणि त्याच्या पायांवर नुसती पांढरी धूळ होती.