मिस्त्रींची पिवळी रेघ

मिस्त्रींनी घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टावर पिवळी रेघ असायची. बोल्टाच्या डोक्यावरून निघून शेजारच्या लोखंडावर उतरलेली, बोटाच्या पेराएवढी. बोल्ट जरासा जरी फिरला की रेघेचे दोन तुकडे व्हायचे आणि ते लांबूनही दिसायचे. अशा रेघा बरेच जण मारतात, पण मिस्त्रींच्या रेघेचा रुबाब वेगळा. "मी रेघ मारली की विषय संपला," असं ते म्हणायचे आणि लोकही ते मानायचे. तीस वर्षं हात काळे केल्यावर माणसाने एवढं तरी कमवायलाच हवं.

दुसरी सवय मात्र वाईट होती. मिस्त्रींना चारचौघांत टिंगल करायला फार आवडे, आणि त्यासाठी हक्काचा माणूस होता त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मिस्त्रींच्या लग्नाच्या गडबडीत तो दोन पायांत दोन वेगळे बूट घालून आला होता. तेव्हापासून तो 'धांदरटराव' झाला, तो झालाच. आता चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, बागांची आणि गटारांची कामं घेणाऱ्या बाईंकडे छोटा ट्रॅक्टर चालवायचा. नोकरी मिस्त्रींनीच लावून दिली होती. त्यामुळे टिंगलीचा हक्क दुप्पट झाला, असं त्यांना वाटत असावं.

त्या सोमवारी बाईंच्या आवारात त्या छोट्या ट्रॅक्टरवर नवा बॅकहो बसवायचा होता. बॅकहो म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागे लावायचा खोदणारा लोखंडी हात. तो नुसता मागे टांगून चालत नाही, नाहीतर खोदताना बसणारे हिसके ट्रॅक्टरची कंबर मोडतात. म्हणून आधी ट्रॅक्टरच्या पोटाखालून एक मजबूत फ्रेम आठ बोल्टांनी आवळायची. मग बॅकहो तिच्यावर टेकवून दोन जाड पिना घालायच्या आणि पिनांना लॉक लावायचं. सगळा भार त्या आठ बोल्टांवर.

मिस्त्रींनी आठही बोल्ट आधी हाताने बसवले. मग मोठा पाना घेतला, बरोबर दाब आला की 'टक' असा आवाज देणारा. सहा वेळा टक झालं. मागच्या उजव्या चाकाजवळचे दोन अडचणीत होते, त्यासाठी पुन्हा उताणं पडून सरकायचं होतं. त्याआधी ते पाठ मोकळी करायला उठले, तर समोर बाई, दोन माळी आणि वॉचमन असा आयता प्रेक्षकवर्ग उभा.

"या यंत्राला दोन दांडे असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या," मिस्त्री म्हणाले. "आमच्या धांदरटरावांना आधी डावा कुठला ते ठरवायला लागेल!"

माळी खदखदून हसले. मिस्त्रींना चेव चढला. रंगाचा डबा उचलून ते ट्रॅक्टरभोवती फिरायला लागले, एकेका रेघेबरोबर एकेक किस्सा. बुटांचा झाला, चुकीच्या गावी उतरल्याचा झाला, स्वतःच्याच घराला बाहेरून कुलूप लावून बायकोला आत कोंडल्याचा झाला. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. मेहुणाही हसला, मान खाली घालून. हसण्याच्या त्या भरात आठ रेघा मारून झाल्या. मग बॅकहो टेकवला, पिना घातल्या, लॉक लावलं. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला फोन आला. एका शाळेच्या मागे पाइपासाठी चर खणताना फ्रेम उजवीकडून सुटली होती. बॅकहो कलंडला, ट्रॅक्टरचं मागचं हाउसिंग, म्हणजे गिअरवरचं लोखंडी कवच, तडकून तेल वाहायला लागलं, आणि सीटवरून फेकला गेलेला मेहुणा मनगट मोडून घेऊन दवाखान्यात होता.

मिस्त्री पोचले तेव्हा बाई चराशेजारी उभ्या होत्या. त्यांच्या हातात चरात सापडलेला बोल्ट होता. डोक्यावर पिवळी रेघ.

"तुमची रेघ आहे, म्हणजे घट्ट केला होता हे उघड आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या मेहुण्यानेच दगडात खोदायची बकेट घालून ओढलं असणार. मी मुळात त्याला खोदाईवर घ्यायलाच नको होतं."

मिस्त्री ट्रॅक्टरखाली वाकले. घट्ट दाबलेल्या बोल्टाखालचा वायसर, म्हणजे लोखंडी चकती, फ्रेमच्या रंगावर गोल वळ उठवतो. डाव्या बाजूला एक बोल्ट काढून त्यांनी पाहिलं, वळ स्पष्ट होता. उजवीकडच्या दोन रिकाम्या भोकांभोवती घासल्याचे ओरखडे होते, पण वळ नव्हता. त्यांनी उगाचच तिथून अंगठा फिरवला. सहा टक त्यांना आठवले. सातवा काही केल्या आठवेना, कारण तो झालाच नव्हता.

एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "हिसका जोरात बसला असेल."

बाईंनी संध्याकाळीच मेहुण्याला सांगून टाकलं, हात बरा झाला तरी परत येऊ नकोस.

बुधवारी तो मिस्त्रींच्या घरी आला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. खुर्चीच्या टोकावर बसला. "दाजी, माफ करा," तो म्हणाला. "सकाळी निघताना रेघा बघितल्या होत्या मी, आठही सरळ होत्या. दुपारी परत बघायला हव्या होत्या. तुमच्या शब्दावर नोकरी मिळाली आणि मी तुमच्याच कामाला बट्टा लावला."

"होतं असं," मिस्त्री म्हणाले. "चहा घे."

तो गेल्यावर बायको कप उचलत म्हणाली, "तुम्ही फार मोठ्या मनाने घेतलंत हो. दुसऱ्या कुणी तोंडही बघितलं नसतं त्याचं."

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार खाल्ला असता तर सोसला असता. हे कौतुक अंगाला झोंबत होतं. सकाळी दाढी करताना त्यांना आरशात स्वतःकडे बघवेना. अर्ध्या दाढीनिशीच त्यांनी तोंड धुतलं आणि मेहुण्याच्या घरी गेले. "चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणाले.

आवारात तीच मंडळी होती. बाई, दोघे माळी, वॉचमन. मिस्त्रींनी ठरवून सगळ्यांसमोर सांगितलं, "मागचे दोन बोल्ट मी घट्ट केलेच नव्हते. रेघा नुसत्याच मारल्या. याची काही चूक नाही."

माळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारीच. वाकून बघितलं तेव्हा."

"आज गुरुवार आहे, मिस्त्री."

मेहुणा इतका वेळ फ्रेमकडे बघत होता. मग त्याने हळूच विचारलं, "माझे किस्से चालले होते, तेव्हाचे का ते दोन?"

"हो."

"हाताचं काही नाही, दाजी. हाड जुळेल," तो म्हणाला. "पण मी काल माफी मागायला आलो होतो. तुम्ही मला चहा पाजलात."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. मिस्त्री खाली बघत उभे राहिले. पन्नाशीच्या माणसाला रडू येतं ते असं, नाकात, आणि पुसायला खिशात रुमालही नाही.

बाईंनी मेहुण्याला परत कामावर घेतलं. हाउसिंग मिस्त्रींनी पदरमोड करून बदललं. दीड महिन्याने प्लास्टर निघालं आणि बॅकहो पुन्हा बसवायचा दिवस आला. मिस्त्रींनी पाना चालवला आणि मोठ्याने मोजत आठ टक केले. मग ते डबा उघडायला लागले, तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "पाना द्या."

तो उताणा पडून फ्रेमखाली सरकला. आठही बोल्टांवर त्याने पाना लावला, अडचणीतल्या दोन्हींवर दोनदा. नंतर उठून त्याने मिस्त्रींच्या हातातला ब्रश घेतला. दुखऱ्या मनगटाने तो एकेक रेघ मारत गेला. सातवी चांगलीच वाकडी आली, बोल्ट सोडून भलतीकडेच उतरली. माळी मिस्त्रींच्या तोंडाकडे बघायला लागले.

मिस्त्रींच्या ओठावर आयता विनोद आला होता. तो त्यांनी गिळला आणि आठव्या रेघेसाठी डबा पुढे धरला.