पंपरूममधली मतपेटी

मी मतपेटी बोलतेय. होय, मतपेटीच! ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका सोसायटीच्या पंपरूममध्ये ब्लीचिंग पावडरच्या गोणीशेजारी पडलेली असले, तरी माझं नाव तेच आहे.

मला चांगदेवकाकांनी बनवलं. त्यांची अख्खी नोकरी खोपटच्या एसटी डेपोत गेली. भंगारात निघालेल्या एका बसचा पत्रा त्यांनी रीतसर विकत आणला होता, त्यातून माझा जन्म. माझ्या एका अंगाला अजून एसटीचा लाल रंग आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

तेव्हा इथे बिल्डरच्या माणसाचं राज्य होतं. मतदान हात वर करून व्हायचं. ज्याचा हात भलत्या वेळी वर गेला, त्याच्या मजल्याचं पाणी जायचं. इथेच राहणारे दौलतदादा पहिल्यांदा त्याला तोंडावर म्हणाले, "हात नाय, चिठ्ठी. कोणी कोणाला मत दिलं ते देवालापण कळता कामा नये." त्यांनीच मला डोक्यावर घेऊन गेटमधून आत आणलं. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून मत द्यायला आल्या. चिठ्ठ्यांनी माझं पोट भरलं, बिल्डरचा माणूस गेला, दादा निवडून आले. हिशेब फळ्यावर लागायला लागले, पाणी सगळ्या मजल्यांना सारखं मिळायला लागलं. खोटं कशाला बोलू? माणूस तेव्हा खरंच चांगला होता.

मग पुढची निवडणूक आली आणि उपकाराने भारावलेल्या माणसांनीच घोळ घातला. "दादांच्या विरोधात उभं राहायचं? जनाची नाही तर मनाची तरी!" आपल्याकडे बिनविरोध म्हणजे केवढा मान! सभेत ते पहिल्यांदा सुचवलं कोणी, तर माझ्या चांगदेवकाकांनी. टाळ्या पडल्या. ऑफिसच्या कपाटावर बसून मी त्या ऐकल्या. गरज सरो, वैद्य मरो.

त्यानंतर बिनविरोधच होत राहिलं. एकदा ऑफिसातल्या टीव्हीवर कुठल्याशा परक्या देशाचा अध्यक्ष भाषण करत होता. "लोकशाही आणणारच, पण आधी शिस्त, मग मतदान." दादांनी आवाज वाढवला. पुढच्या सभेत तेच वाक्य त्यांच्या तोंडी आलं. त्या देशातल्या पेट्यांचं काय झालं असेल, ते मला इथे बसून कळलं. हिशेबाचा फळा उतरला. मी पंपरूममध्ये आले. दादांनी व्हॉल्व्हची चावी माझ्या पोटात ठेवली आणि कुठल्या मजल्याला पाणी सोडायचं ते स्वतःच ठरवू लागले.

यंदा चांगदेवकाकांची सून रचना दादांच्या विरोधात उभी राहिली. सूचक सासरेच झाले. अनुमोदक मात्र दुसऱ्या घरातला हवा होता. तो मिळाला तरच मतदान. चौथ्या मजल्यावरच्या कलावतीबाई सही करते म्हणाल्या, आणि मी वेडी आशेला लागले. सभेच्या सकाळीच दादांनी चौथ्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद केला.

दुपारी कलावतीबाई हंडा घेऊन पंपरूमच्या नळावर आल्या. मागोमाग रचना आली.

"काकू, तुम्ही सही करते म्हणालेलात ना?"

"म्हणालेले गं. पण घरात लेक प्राची बाळंतीण आहे. दुपट्यांची रास पडलीये आणि नळाला थेंब नाय. माझ्यावर राग धर, पण सही नको मागू."

 भरलेला हंडा रचनानेच उचलला आणि चौथ्या मजल्यापर्यंत नेऊन दिला.

संध्याकाळी समोरच्या पार्किंगमध्ये सभा भरली. दादांनी विचारलं, "रचनाला अनुमोदक कोण?" अळीमिळी गुपचिळी. "मग बिनविरोध!" टाळ्या पडल्या. कलावतीबाईंनीही वाजवल्या, खाली मान घालून.

सभा संपताच दादांनी मला उघडून चावी काढली, चौथ्याचं पाणी सोडलं आणि चावी परत माझ्यात टाकली. चांगदेवकाका दारात उभे होते.

"दौलत, माझी पेटी मला परत दे."

"काका, ती आता सोसायटीची झाली. आपली लोकशाही हिच्यातूनच आली ना? राहू दे आठवण म्हणून."

काकांनी माझ्या लाल रंगावरून हात फिरवला.  मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनो, ह्या पंपरूमला नुसती कडी आहे. मलाही कुलूप नाही. चावी कुठे असते ते सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. मला हात असते, तर मीच ती बाहेर काढून दिली असती. हात तुम्हाला आहेत. तेवढं टाळ्या वाजवायचं थांबवा.