इकोवर ठेवलेली गाडी

विजेवर चालणारी ती मोटारसायकल दोघा भावांनी मिळून घेतली होती. सकाळी ग्यानोबा तिच्यावर दुधाचे कॅन बांधून शिरूर अनंतपाळच्या डेअरीला जायचा. परत आला की गाडी चार्जिंगला लावायचा, आणि मग धाकटा आदिनाथ तीच घेऊन उदगीरला जायचा. तिथं तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. गावात रात्रीच्या लाईटीचा भरवसा नव्हता. त्यामुळं दिवेलागणीला आदिनाथ जेवढं चार्जिंग उरवून आणील, त्यावरच दुसऱ्या दिवशीचं दूध जायचं.

पावसाळा सरता सरता ते उरणं कमी व्हायला लागलं. एका सकाळी तर गाडी डेअरीच्या अलीकडच्या चढावरच थांबली. ग्यानोबानं कॅनसकट ती ढकलत नेली. डेअरीवाल्यानं झाकण उघडून वास घेतला आणि दूध परत केलं.

त्या दिवशी ग्यानोबाच्या डोक्यात किडा शिरला. गाडीला तीन मोड होते. इकोवर ती सावकाश चालायची, पण चार्जिंग पुरवायची. सिटी मधलं. आणि स्पोर्टवर मूठ पिळली की उसळायची अन् बॅटरी घटाघटा प्यायची.

"आदि, इकोवरच चालवतोस न्हवं?" त्यानं विचारलं.

"हाव दादा."

उत्तर इतकं पटकन आलं की ग्यानोबाला तेच खटकलं. सकाळी स्क्रीनवर 'इको' दिसायचं खरं. पण गावात शिरताना बटण दाबून परत इकोवर आणायला कितीसा वेळ लागतो? बायको सिंधु म्हणाली, "भावजी खोटं बोलत न्हाईत." तर हिला ह्याची बाजू घ्यायची काय गरज, असं त्याला वाटून गेलं.

एके दुपारी त्यानं मोडच्या बटणावर चुन्याचा बारीक ठिपका लावला. बोट लागलं की पुसणार. संध्याकाळी गाडी आली. ठिपका जसाच्या तसा होता, चार्जिंग मात्र तळाला गेलेलं.

संशय मिटायचा सोडून फुगला. मोड बदलला न्हाई, म्हणजे पोरगं वाट वाकडी करून कुठं तरी जातंय. किलोमीटरचा आकडा बघावा, तर तो रोजच्याएवढाच. मग हा आकडा मागं फिरवून देणारा उदगीरला कुणी असेल का, असंही त्याच्या मनात आलं. जेवताना तो भावाच्या तोंडाकडं चोरून बघायचा. आदिनाथ हसला तरी त्याला वाईट वाटायचं, गप्प बसला तरी वाईट वाटायचं.

दुसऱ्यांदा ठिपका लावताना आदिनाथ मागंच येऊन उभा राहिला.

"दादा, काय लावून राहिलास?"

ग्यानोबाला सगळं बोलावंच लागलं. आदिनाथ चिडला नाही. बटणावरचा चुना त्यानं अंगठ्यानं पुसला आणि म्हणाला, "रविवारी माझ्या मागं बस. तुझ्या डोळ्यानं बघ."

रविवारी दोघं निघाले. रस्ता एकच, डेअरीपर्यंत जाऊन यायचं. पहिली खेप इकोवर, दुसरी स्पोर्टवर. ग्यानोबा भावाच्या खांद्यावरून स्क्रीनवर डोळे रोवून बसला होता. स्पोर्टनं जास्त खाल्लं, पण फरक अगदी थोडा. इकोवर बैलगाडीच्या चालीनं जाऊनही चार्जिंग भसाभस उतरलं होतं.

"बॅटरीच गेली असंल," ग्यानोबा म्हणाला. त्याला उगीच हायसं वाटलं.

आदिनाथ उतरला. मागच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागं घेतला. "हात लाव," तो म्हणाला. चाकाच्या मधला ब्रेकचा ड्रम तव्यासारखा तापला होता. गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन त्यानं चाक हातानं फिरवलं. ते कुरकुरत अर्धा फेरा गेलं आणि थांबलं.

"ब्रेक घासून राहिलाय. आवळला कुणी?"

ग्यानोबाला आठवायला वेळ लागला नाही. कॅनच्या ओझ्यानं गाडी उतारावर लवकर थांबत नव्हती, म्हणून शिरूरच्या मिस्त्रीकडून त्यानंच मागचा ब्रेक आवळून घेतला होता. त्यानंतर ते त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

"मीच," तो म्हणाला. "चुकलं माझं, आदि."

"असू दे."

आदिनाथनं पान्यानं नट सैल केला, चाक मोकळं फिरेस्तोवर बघितलं आणि हात पुसून घरात गेला.

गाडी पुन्हा पहिल्यासारखी चालू लागली, दूध वेळेवर पोचू लागलं. पण त्या दिवसापासून आदिनाथ संध्याकाळी आला की किल्ली तशीच ठेवत नाही. अंगणात गाडी चालू ठेवून तो हाक मारतो.

"दादा, चार्जिंग बघून घे. मोड बी बघ."

"नको रे. काय बघायचंय?"

"न्हाई, बघ." आवाज अगदी साधा असतो.

आणि तो किल्ली फिरवत नाही. मग ग्यानोबाला पायऱ्या उतरून खाली यावं लागतं, वाकून स्क्रीनकडं बघावं लागतं, आणि "बघितलं" असं म्हणावं लागतं.