खलाखालचे आठ आणे

मोतीलालने भिंग डोळ्याला लावलं आणि भिकुबाईने पदर तोंडाला लावला. देवाकडे काही मागायची तिला सवय नव्हती. आज मात्र ती मनातल्या मनात एकच धोशा लावून बसली होती, की नाणं बिनकामाचं निघू दे.

धुळ्याच्या पेठेत मोतीलाल जुनी नाणी घ्यायचा आणि विकायचा. भिकुबाईचा मुलगा जीवराम त्याच्यासमोर बाकाच्या टोकावर येऊन बसला होता. घरात फरशी बसवताना मसाल्याचा लोखंडी खल हलवला, तेव्हा खालून आठ आण्यांची दोन जुनी नाणी निघाली, एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला कणसं असलेली. एक साधं होतं. दुसऱ्याच्या कणसांच्या बाजूवर सिंहांचा उलटा, आत गेलेला ठसा होता. टाकसाळीत चुकलेल्या नाण्याला मुंबईचे शौकीन वाटेल ती किंमत देतात, असं जीवरामने कुठंतरी ऐकलं होतं. नाणं विकायचं, मायला मिक्सर घ्यायचा आणि खल भंगारात द्यायचा, असं त्याने ठरवूनही टाकलं. मिक्सर पांढरा की पिवळा यावरून त्याच्यात आणि त्याच्या बायकोत वादही झाला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

पोरगा वाईट नव्हता. आईचे हात दुखतात एवढंच त्याला दिसत होतं, म्हणून भिकुबाईला नाही म्हणता आलं नाही.

ती नाणी तिच्या नवऱ्याने, गिरधरने ठेवली होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती मसाला कुटत होती आणि बूड वाकडं असलेला खल डुगडुगत होता. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आलेला गिरधर काही न बोलता वाकला, खिशातली दोन नाणी एकावर एक खलाखाली सरकवली आणि हातपाय धुवायला निघून गेला. गोड बोलणं त्याला कधी जमलंच नाही. मागच्या वर्षी तो गेला, तेही तसंच, न बोलता.

“ही टाकसाळीची चूक नाही, जीवराम,” मोतीलालने भिंग खाली ठेवलं. “तिथं चुकलं असतं तर या बाजूला कणसं उमटलीच नसती. ही बघ, आहेत, पण दबलेली. मागचे सिंहही चपटे झालेत. नाणं तिथून नीटच बाहेर पडलं, मार नंतर बसला. वर दुसरं नाणं ठेवून कुणीतरी वर्षानुवर्षं ठोकलंय.”

“कोण ठोकेल?” जीवराम कसानुसा झाला.

“मीच ठोकं, भाऊ,” भिकुबाई म्हणाली. तोंडावरचा पदर केव्हा सुटला, तिला कळलं नाही. “मसाला कुटी कुटी. बठ्ठा जलम गया मन्हा.”

तिने पदराची गाठ सोडून दुसरं नाणं पुढे केलं. मोतीलालने ते ठशावर ठेवून जरासं फिरवलं. सिंह बरोबर आपल्या जागी बसले.

“याला कुणी काही देणार नाही, अक्का.”

“देवच पावना,” भिकुबाई म्हणाली आणि मोकळी हसली. गिरधर गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

जीवराम मायला घेऊन घरी आला. दारात म्हणाला, “माय, मिक्सर तं घेसूतच. मन्हा पगारमधून.”

“मिक्सर लई ये. पन खल ऱ्हाऊ दे.”

नव्या फरशीवरही खल डुगडुगतच होता. जीवरामने तो तिरपा धरला. भिकुबाईने दोन्ही नाणी होती तशीच, एकावर एक, खाली सरकवली. कुटायला काही नव्हतं. तरी तिने बत्ता उचलला आणि रिकाम्या खलात एकदा टाकला.

खल हलला नाही.