प्रभुभोजनाआधी

सुगंधाबाईंनी पवित्र शास्त्रात खूण घालून ठेवलेलं पान उघडलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि घसा खाकरला. तेवढ्यात ताईबाई मागच्या सतरंजीवरून म्हणाली,

"अक्का, आज कामिनीले सांगू द्या ना."

देवपुरातल्या ख्रिस्ती मंडळीची गुरुवारची बायकांची सभा ताईबाईच्याच घरी भरली होती, त्यामुळे यजमानिणीचा शब्द मोडणं बरं दिसलं नसतं. सुगंधाबाई हसल्या. अशा वेळी हसता येणं ही त्यांची जुनी कमाई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या तेव्हापासूनची.

"सांगू दे की," त्या म्हणाल्या. "मला तरी कुठं रोज बोलायची हौस आहे?"

हौस होती, भरपूर होती. निवृत्तीच्याही आधीपासून गुरुवारचं वचन त्याच समजावून सांगत आल्या होत्या. त्यासाठी दोन जाडजूड भाष्यग्रंथ वाचायचे, टिपणं काढायची, शुद्ध मराठीत मुद्देसूद बोलायचं. बायका आदराने ऐकायच्या आणि जांभया पदराआड द्यायच्या. सुगंधाबाईंना पदर दिसत, जांभया दिसत नसत. मग वर्षापूर्वी मंडळीतल्याच हितेंद्रचं लग्न झालं आणि ही कामिनी धरणगावाकडच्या एका खेड्यातून सून म्हणून देवपुरात आली.

कामिनी जागेवरूनच, आपल्या अहिराणीत बोलू लागली. गोष्ट नेहमीचीच, दहा नाण्यांपैकी एक हरवून बसलेल्या बाईची.

"तिनी दिवा लावा, बठ्ठं घर झाडी काढं, खाटखाले दखं, चूलमांगे दखं. मंग तो पैसा सापडी गया. तवय तिनी बठ्ठी गल्लीले बलाईसन चहा पाजा." ती थांबली, बायकांकडे बघून हसली. "आते सांगा, त्या पैसापेक्षा तो चहाच महाग पडी गया ना? देवना आनंद तसाच शे. बिनहिशोबी."

बायका खळखळून हसल्या. हसता हसता ताईबाईने डोळे पुसले. तिचा मुलगा सुरतेला जाऊन बसला होता आणि फोनही उचलत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुगंधाबाई मात्र पुस्तकाच्या पानाकडे बघत राहिल्या. कामिनीचं कौतुक झालं याचं त्यांना एवढं लागलं नाही. लागलं ते वेगळंच. ही गोष्ट त्यांनी उभ्या आयुष्यात कितीदा तरी सांगितली होती. त्या नाण्याची किंमत, त्या काळची घरं, त्यांना खिडक्या का नसत, सगळं सांगितलं होतं. चहा त्यांना एकदाही सुचला नव्हता. आणि चहाच खरा होता.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही भाष्यग्रंथ काढून पाहिले. चहाबद्दल अर्थातच काही नव्हतं. "ग्रंथांचा आधार नको का काही?" त्या भिंतीशी बोलल्या. भाजी करपली. रात्री जेवण गेलं नाही. शेजारच्या वनाबाईला त्यांनी महिन्यापूर्वीच सांगून टाकलं होतं की पोरगी चुणचुणीत आहे, पण वाचन कच्चं आहे. आज तेही पुरेसं वाटेना.

पंचाईत अशी की येणारा रविवार महिन्याचा पहिला होता, म्हणजे प्रभुभोजनाचा. या मंडळीत प्रभुभोजनाची परीक्षा कडक. भाकरीचं ताट बाकावरून पुढं सरकत येतं आणि ज्याच्या मनात कुणाविषयी डूख आहे, त्याने ते न घेता पुढं द्यायचं. कुणी विचारत नाही, पण बघतात सगळे. आठवडाभर मग तेवढाच विषय. हा धडा बायकांना सुगंधाबाईंनीच घोटून घोटून शिकवला होता. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. आता मनात एवढा जळफळाट घेऊन ताटाला हात कसा लावायचा? आणि नाही लावला तर ताईबाई बघणार.

रविवारी त्या लवकर निघाल्या. कामिनी मंडळीच्या देवळाच्या आवारात, नळाशी, प्रभुभोजनाचे छोटे पेले विसळत होती.

"कामिनी, जरा बोलायचंय."

"बोला ना अक्का." तिने ओले हात पदराला पुसले.

सुगंधाबाईंनी वाक्यं रात्रीच जुळवून ठेवली होती. "तू आल्यापासून मी तुझा हेवा करते. तू बोलायला लागलीस की मला तिथून उठून जावंसं वाटतं. घरी जाऊन तुझ्या चुका काढत बसते. वनाबाईला सांगितलं, हिचं वाचन कच्चं आहे. हे पाप आहे. मला क्षमा कर."

नळ चालू होता, तो बंद करायचंही कामिनीला सुचलं नाही.

"वरीसभर, अक्का?"

"हो."

"पहिला रविवारले तुमीच माले हात धरीसन बाजूले बसाडं व्हतं. माले वाटे, तुमी माले जीव लावतस."

सुगंधाबाईंनी जुळवलेल्यांतलं शेवटचं वाक्य उचललं. त्या म्हणाल्या, "क्षमा केलीस ना?"

"केली," कामिनी लगेच म्हणाली. मोठ्या माणसाने मागितल्यावर दुसरं काय म्हणायचं असतं? ती खाली बसली आणि विसळलेलेच पेले पुन्हा विसळू लागली.

सुगंधाबाईंना मात्र एकदम हलकं वाटलं. गुरुवारपासून पहिल्यांदा त्यांना भूक लागली. उपासनेत त्या मोकळ्या गळ्याने गायल्या. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, ताट फिरू लागलं. सुगंधाबाईंनी आपला तुकडा घेतला, डोळे मिटले, तोंडात टाकला. वचन पाळलं की असं होतं, असं त्यांच्या मनात आलं. पुढच्या गुरुवारी हेच सांगावं, असंही आलं.

डोळे उघडले तेव्हा ताट पुढच्या बाकावर, कामिनीच्या हातात होतं. तिने ते क्षणभर धरलं आणि न घेता शेजारणीकडे दिलं.

बाकाबाकावरच्या माना वळल्या. वनाबाईने ताईबाईला कोपराने खुणावलं. पेले आले, तेही कामिनीने पुढं दिले. ती खाली बघत होती, कान लाल झाले होते. सुगंधाबाईंची भाकर अजून गिळून व्हायची होती.

उपासना सुटल्यावर बायका दाराशी घोळक्याने उभ्या राहिल्या. कामिनी कुणाशी न बोलता फाटकाकडे गेली. तिथं हितेंद्र गाडी पुसत होता.

"काहीतरी मोठंच व्हयेल शे," वनाबाई म्हणाली. "त्याबिगर कोनी ताट सोडस का? अन् गुरुवारले आपलेच शिकाडस."

ताईबाईने सुस्कारा सोडला. "जाऊ द्या. अक्का, या गुरुवारले तुमीच सांगा. तुमनंच बरं व्हतं."

हेच तर त्यांना वर्षभर हवं होतं. कुणाचं वाईट न चिंतता, उलट क्षमा मागून, आयतं ओंजळीत आलं होतं. सुगंधाबाईंच्या ओठांवर "बरं" आलंसुद्धा. नळाशी जे बोलल्या ते किती स्वस्तात पडलं होतं, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं.

"त्या पोरीनं काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. "मी केलंय. मी तिचा हेवा करते. आज सकाळी माझं मन हलकं करायला मी ते सगळं तिच्या पदरात टाकलं आणि वर येऊन भाकर खाल्ली. आणि वनाबाई, तिचं वाचन कच्चं नाही. ते मी जळून बोलले."

मघाशी ज्या नजरा कामिनीवर होत्या, त्या आता इकडं वळल्या. वनाबाईने तर अर्धं पाऊल मागं घेतलं.

ताईबाई बाई व्यवहारी. तिने विचारलं, "मंग गुरुवारले कोन सांगी?"

"कामिनी."

"अन् ती नही उनी तर?"

नाही आली तर. ते ऐकलं आणि सुगंधाबाईंच्या मनात कुठंतरी खोल जरासं बरं वाटलं. एवढं सगळं बोलून झाल्यावरही वाटलं. त्यांना ते स्वच्छ कळलं. ताईबाईला उत्तर न देता त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि हितेंद्रची गाडी सुरू व्हायच्या आत फाटक गाठायला त्या भराभर चालू लागल्या.