विहिणीशी भांडायला पंधरा मिनिटं

मी टायमर बोलतोय. लाल, गोल, मुंडी पिरगाळली की टिकटिकणारा आणि शेवटी ठणाणा करणारा. लावता पैज? या गोष्टीत बायका तीन. एक आई, एक तिची लेक आणि एक लेकीची सासू. शेवटी किंमत एकीलाच मोजावी लागली. कोणाला? आत्ताच मनात धरून ठेवा. मागाहून "मला आधीच कळलं होतं" चालायचं नाही.

आधी माझं सांगतो. शिक्षणाच्या नावानं मी अंगठेबहाद्दर, आणि अंगठाही नाही. अक्षर एक ओळखत नाही. आकडे मात्र साठपर्यंत पाठ, तेही उलटे. कारखान्यात पोटात स्प्रिंग कोंबली, तेवढीच माझी शाळा.

एका पाववाल्यानं मला विकत घेतलं, बायकोला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून. बाईंना कानातलं हवं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि पुढे चार दिवस त्या घरात फक्त मीच बोलत होतो.

नंतर आमची गट्टी जमली. भट्टीच्या शेजारी माझी जागा. अकरा वर्षं एक पाव करपू दिला नाही मी. मग पोटात पीठ जाऊन जाऊन सातावर अडकायला लागलो. सात मिनिटं उरली की थांबायचं, दम खायचा, मनात आलं की पुढे. थोडं वय, थोडी खोड. एका सकाळी साठ पावांचा कोळसा झाला.

"मेल्या, तुझ्यावर विश्वास टाकला!" बाई म्हणाल्या आणि मला चमच्यांच्या खणात टाकलं.

खणातून दिसत नाही फारसं, पण ऐकू सगळं येतं. लेक जपानला गेली, तिकडच्याच मुलाशी लग्न केलं, सासूच्या घरी राहायला लागली. आठवड्यातून एकदा मोबाइलवर दोघी विहिणी समोरासमोर. माना हलवायच्या, हसायच्या. मध्ये दुभाषी म्हणून लेक.

"काय म्हणाल्या गं?"

"बरं आहे म्हणतायत."

"तीन मिनिटं बोलल्या की! एवढं लांब बरं असतं का कुठे?"

"आई, त्यांची भाषाच लांब आहे."

सासू उठून गेली की लेक रडगाणं लावायची. "पहाटे पाचला उठवतात गं मला. अख्खं घर पुसून घेतात." बाईंना जाब विचारायचा तर होता, पण भांडण काय कोणी दुभाष्याकरवी करतं? म्हणून आमच्या बाई जपानी शिकायला बसल्या. लोक नोकरीसाठी शिकतात, फिरायला जाण्यासाठी शिकतात. या शिकणार होत्या विहिणीला फैलावर घ्यायला.

पहिल्यांदा आणली तीन जाड पुस्तकं आणि चार रंगांची पेनं. रविवारी चार तास बैठक. पण दर जपानी अक्षराच्या डोक्यावर बारीक मराठी अक्षर लिहून ठेवायच्या. मग डोळे मराठीच वाचणार, जपानी बिचारं खाली उपाशी. दीड महिन्यात सगळं बासनात.

दुसऱ्यांदा मोबाइल. चित्राला टिचकी मारा, शाबासकी मिळवा, पुन्हा टिचकी. नव्वद दिवस एक खाडा नाही. एक्क्याण्णवाव्या दिवशी विहीणबाईंनी थेट यांनाच काहीतरी विचारलं आणि यांच्या तोंडून हवासुद्धा निघाली नाही. नुसती मान हलवली. मागाहून कळलं, "जेवलात का" एवढंच विचारलं होतं. त्या दिवशी बाई पीठ मळताना पिठाला बुक्के मारत होत्या.

मग लेकीचा फोन आला. "दहा महिन्यांनी येतोय, सासूबाईंना घेऊन."

"आता पुन्हा शिकते," बाई म्हणाल्या.

नवरा कणीक तोडता तोडता म्हणाला, "परत रविवारी पोतंभर?"

"म्हणजे काय?"

"अगं, खमिराला रोज मूठभर पीठ लागतं, हे तूच मला शिकवलंस ना? आणि जपानीच्या तोंडात एकदम पोतं ओततेस. मरणार नाही तर काय!"

बाईंना पटलं. खण उघडला, मला काढलं, फडक्यानं पुसलं. "पावाच्या कामाचा नाहीस, पण याला चालशील."

रोज पीठ झाकून ठेवलं की माझी मुंडी पंधरावर. ओट्यावर कोरडं पीठ पसरायचं आणि बोटानं अक्षरं काढायची. पुस्तक मिटलेलं. कालचं आधी आठवून मोठ्यानं म्हणायचं, मगच उघडून बघायचं. चुकलं ते चिठ्ठीवर, चिठ्ठी रिकाम्या डब्यात, उद्या सगळ्यात आधी तीच. तळवा फिरवला की धूळपाटी कोरी. डोक्यावर मराठी लिहून ठेवायची सोयच नाही.

आणि भांडणाची तालीम नवऱ्यावर.

"तुम्ही विहीणबाई व्हा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नको. फक्त 'इइए' म्हणा. म्हणजे नाही."

"हे बरंय. मराठीत तीस वर्षं नाही म्हणायची हिंमत झाली नाही."

घंटा झाल्याशिवाय उठायचं नाही, हा बाईंचा नियम. आणि मी सातावर अडकून बसायचो. कधी पाच मिनिटं जास्त, कधी दहा. बाईंनी मला कधी दुरुस्त करून घेतलं नाही. त्यांना कळत नव्हतं असं वाटतं तुम्हाला?

दहा महिन्यांनी मंडळी आली. दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला बाई कामाला लागल्या, तर दारात विहीणबाई. बाह्या सरसावून उभ्या. लेक वर झोपलेली.

बाईंनी हात पुसले, श्वास भरला आणि तोफ डागली. मुसुमे म्हणजे लेक, गोजी म्हणजे पाच वाजता, नाझे म्हणजे का. वाक्य मोडकं, धार पुरेपूर. माझ्या पोरीला पाचला का उठवता?

विहीणबाईंचे डोळे बशीएवढे झाले. "गोजी? इइए, इइए!" आणि मग शब्दांचा लोंढा.

"युक्कुरी," बाई म्हणाल्या. म्हणजे हळू. मागच्या वेळी नेमका हाच शब्द तोंडात आला नव्हता.

विहीणबाई थांबल्या. मला उचललं, मुंडी पिरगाळून नवावर आणली. मग गालाखाली हात घेऊन घोरून दाखवलं. मग ओटा पुसल्यासारखं केलं आणि स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं. लेक उठते नऊला, पुसते मी. वर एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की तुमची मुसुमे म्हणाली, आईची सक्त ताकीद आहे, नवाच्या आधी मला उठवायचं नाही.

बाईंनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग मराठीतच ओरडल्या, "माझी ताकीद?"

एकदा हसायला लागल्या त्या दोघी. पीठ फुगून भांड्याबाहेर आलं तरी शुद्ध नाही. मी नवावरून सुटलो आणि सातावर येऊन बसलो. असली मैफल मोडायचं पाप कोण घेणार?

नऊला लेक डोळे चोळत खाली आली. बघते तर आई आणि सासू पिठानं माखलेल्या, एकमेकींना टाळ्या देतायत आणि मध्ये दुभाषी नाही. तिचा चेहरा त्या साठ पावांसारखा काळा पडला.

"आई... काय म्हणाल्या त्या?"

"बरं आहे म्हणतायत," बाई म्हणाल्या.

जाताना विहीणबाईंनी मला मागून घेतलं. त्यांना आता मराठी शिकायचंय, विहिणीशी थेट बोलायला. बाईंना माझी गरज उरली नाही. घंटेशिवाय बसतात रोज पंधरा मिनिटं. म्हणून मी इथे, परक्या ओट्यावर, अजून अंगठेबहाद्दरच, पण मजेत. तुम्हीही काही बासनात बांधून ठेवलं असेल तर सोडा. मूठभर पीठ आणि एखादा बिघडलेला म्हातारा पुरतो.

हां, पैज राहिली. सासूबाईंना मराठी शिकवणार कोण? रोज पहाटे पाचला माझी मुंडी पंधरावर जाते, मी सातावर अडकतो, आणि जांभया देत एक मास्तरीण मला हलवते, "अगं आई गं, हे वाजत का नाही!" शिकवून झालं की सासूबाई हातात फडकं देतात.

किंमत? पाच ते नऊ. चार तासांची साखरझोप, रोजची.