चार नट, पाव पाव फेरा

हाल्वार ऑस्टलुंडला थायरिस्टर फुटल्याचा आवाज फार आवडे. आवाज तरी केवढा, बारीकसा 'टच्'. पण त्या टचवर त्याच्या हॉलमधल्या अकरा माणसांची पोटं अवलंबून होती. मग तो त्याला गोड लागला तर नवल काय!

स्वीडनच्या डालार्ना भागातल्या त्या कारखान्यात तेवीस वर्षं हाल्वार पाऱ्याच्या व्हॉल्व्हांचा फोरमन होता. उलटसुलट धावणारी वीज एका दिशेला हाकायची, हे त्या व्हॉल्व्हचं काम. भलंमोठं लोखंडी भांडं, आत पारा, आणि स्वभाव आजारी सासऱ्यासारखा. जरा गारठा लागला की रुसला, जरा धूळ शिरली की भलतीकडेच पेटला. त्याला पुसा, शेका, दिवसेंदिवस आतली हवा ओढत बसा. अकरा माणसं पांढरे झगे घालून हीच सेवा करत. आणि आता म्हणे हे सगळं थायरिस्टर नावाची, पाच क्रोनरच्या नाण्याएवढी सिलिकॉनची चकती करणार! ना पारा, ना पुसापुशी, ना माणसं.

वरच्या मजल्यावरच्या हुशार मंडळींनी या चकत्यांची चळत रचली, दोन जाड पत्र्यांमध्ये धरली आणि चार लांब बोल्टांनी आवळली. चाचणीत ती फुटली. दुसरीही फुटली. मग सभा झाली, आणि आणखी एक सभा घ्यावी असं तीत एकमताने ठरलं. कुणी सिलिकॉनला नावं ठेवली, कुणी हवेला.

हाल्वारला मात्र कारण पहिल्याच दिवशी चाचणीच्या खोलीच्या काचेतून दिसलं होतं. इंजिनिअर मायलिस नोरेन जोर मोजणाऱ्या काट्याच्या पान्याने एक नट पूर्ण आवळायची, मग दुसरा, मग तिसरा. आकडा तीन दशांशांपर्यंत बरोबर! पण तोवर दाब एका बाजूला पडून चकतीला चीर गेलेली असायची. गाडीचं चाक बसवणारा कुणीही समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळतो. एवढं शिकलेल्यांना ते कोण सांगणार?

हाल्वार तर नाहीच. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही, ही त्या मुलखाची सभ्यता. शेजाऱ्याचं घर पेटलं तरी लोक आधी दार वाजवतील. एरवी हाल्वारला या सभ्यतेचा कंटाळा यायचा, पण हल्ली ती त्याला एकदम पटली होती.

"फुटली?" कॉफीच्या वेळी त्याचा जुना जोडीदार एवर्ट विचारायचा.

"फुटली."

"अरेरे! वाईट झालं हो," म्हणत एवर्ट वेलचीच्या बनांची थाळी त्याच्याकडे सरकवायचा, आणि अकराच्या अकरा जण खिदळायचे.

तिसरी चळत शेवटची होती. ही फुटली तर थायरिस्टर गुंडाळायचा आणि आणखी पाच वर्षं पाराच चालू ठेवायचा, असं संचालक विक्टोरिनने जाहीर केलं. हाल्वारच्या पेन्शनला चार वर्षं होती. आता फक्त एक टच् हवा होता.

गुरुवारी सकाळी तो खिशात हात घालून मजा बघायला गेला. मायलिसने काम मात्र सुरेख केलं होतं. पत्रे आरशासारखे घासलेले, चकत्यांवर बोटाचा डागसुद्धा नाही. असं काम त्याने स्वतःच्या हॉलमध्येही फारसं पाहिलं नव्हतं, आणि त्याचा त्याला भयंकर राग आला. तिने पाना पहिल्या नटाला लावला आणि जोर देऊ लागली. हाल्वारने छताकडे पाहिलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"अहो बाई, थांबा!"

"काय झालं, फोरमन?"

"काय व्हायचं राहिलंय! अक्कल गहाण टाकलीत का सगळ्यांनी? सोडा तो नट. इकडे द्या पाना."

समोरासमोरचे नट, पाव पाव फेरा. इकडे, तिकडे, परत इकडे. अर्धा तास हेच चाललं.

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?" मायलिसने हळूच विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

चळत चालली. ना गुरगुर, ना थरथर. चालू आहे की बंद, तेही कळेना. विक्टोरिनने गणिताच्या या विजयाबद्दल सगळ्यांचे हात हातात घेतले आणि शेवटी हाल्वारकडे वळला. "तुमचा हॉल चांगला प्रशस्त आहे हो. चकत्यांची छान सोय होईल."

कॉफीच्या वेळेपर्यंत बातमी खाली पोचली होती. हाल्वार आपल्या जागेवर बसला. बनांची थाळी हातोहात फिरली आणि एवर्टपाशी येऊन थांबली.

"तुला कुणी बोलावलं होतं का रे तिथे?"

"नाही."

"मग?"

हाल्वारने कप उचलला, तसाच खाली ठेवला.

"चुकीचं आवळत होती रे," तो म्हणाला.